चौदा करा

सातारा,
१२ जानेवारी २०२५

श्री. चिंतामणराव घैसास, व्याहीसाहेब यांस मानसिंग बर्गे याचा रामराम.

पत्र लिवायला बसलो खरा, पण फौजेतनं सुटल्यापासनं सवय मोडलीया. तवा शुद्धलेखन तेवढं पोटात घाला. साखरपुड्यानंतर आपलं फोनवर जे झालं ते झालं. लग्नात पंगत बसवायची का बुफे, ह्यावर दोन शहाण्या माणसांनी एवढं वरडायचं काय कारण न्हवतं. पण वरडलो. मग आमची प्रांजल आन् तुमचा वरद, दोघांनी मिळून हुकूम काढला की लग्न होईतोवर दोन्ही बापांनी फोन करायचा न्हाई, जे काय असंल ते पत्रानं. "लिहिताना माणूस विचार करतो," असं वरदराव म्हणाले. जावई अजून व्हायचा हाय आन् सासऱ्याला विचार करायला लावतोय! पण पोरगं गोड हाय, म्हणून ऐकलं.

आता काम. आमचा स्ट्रॉबेरीचा कारखाना तुमी बघितलाच हाय. पाचगणीचा माल येतो, तो धुवायचा, देठं काढायची, गोठवायचा आन् थंड खोलीत ठेवायचा. सगळं प्रांजल बघती. औंदा नवीन कॉम्प्रेसर घेतलं, त्येला ते ड्राइव्ह का काय असतंय. तवापासनं पॅनेलमधलं कपॅसिटर फुगत्यात आन् फुटत्यात. वीज कंपनीचं पत्र आलं, तुमच्याकडं हार्मोनिक्स लय हायती म्हणून. मी म्हणलं, आमच्या घरात साधी बाजाची पेटी बी न्हाई! वायरमन म्हणतोय फिल्टर रिॲक्टर बसवा. आमच्या कारभारणीनं, बनुबाईनं, रिॲक्टर म्हणल्याबरुबर देवापुढं दिवा लावला, तिला वाटलं अणुबॉम्बचा. मग प्रांजलकडनं कळलं की तुमी सांगलीत तीस वर्षं ह्येच बनवताय.

व्याह्याकडं मागायला जरा लाज वाटती. पण आता आपण घरचीच माणसं. तुमी काय ते समजून दरपत्रक धाडा.

आपला,
मानसिंग बर्गे

*

सांगली,
१६ जानेवारी २०२५

प्रिय व्याहीबुवा मानसिंगराव, स. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून चारुशीला म्हणाली, "अहो, शेवटी एका माणसाला तुमच्या धंद्यात रस निर्माण झाला." त्यातला टोमणा सोडला तरी मला आनंदच झाला. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

माझं बालपण मिरजेत गेलं. शेजारी तंबोरे बनत. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की नुसता षड्ज वाजत नाही. कोणी न छेडलेला गंधारही त्यातून ऐकू येतो. एका सुराच्या पोटात हे जे बाकीचे सूर असतात ना, तेच हार्मोनिक्स. तुमचे नवे ड्राइव्ह विजेचं नेमकं हेच करतात. फरक एवढाच, की न छेडलेल्या सुराला मिरजेत वाहवा मिळते आणि साताऱ्यात नोटीस.

रिॲक्टर म्हणजे लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेलं तांब्याचं वेटोळं. आमच्याकडे कामगार त्याला चोक म्हणतात. बनुबाईंना सांगा, तो साधा चोक आहे, दिवा विझू द्या. तो कपॅसिटरच्या अलीकडे बसतो. कपॅसिटर स्वतः गुणी, वीजही गुणी. पण एखाद्या सुरावर दोघांचं नको इतकं जुळतं आणि मग फुटाफुटी होते. मध्ये जरा अडवणारं कोणी असलं की दोघं टिकतात.

चारुशीला खांद्यावरून वाचते आहे आणि म्हणते आहे की लोकांनी भाव विचारला, तुम्ही प्रवचन काय देताय. तेव्हा दरपत्रक जोडलं आहे. तुमच्यासाठी ७% लिहिलं आहे. तुमच्यासारख्यांना सहसा तेवढं पुरतं, त्याहून जास्त द्यायची गरज पडत नाही.

एक महत्त्वाचं. रिॲक्टर लावला की कपॅसिटरवरचा दाब वाढतो. जुने ४४० व्होल्टचे काढून ५२५ चे बसवा. विसरू नका.

आपला,
चिंतामण घैसास

*

सातारा,
२१ जानेवारी २०२५

व्याहीसाहेब, रामराम.

तंबोऱ्याचं वाचून लय मजा आली. मी ते चहाच्या टायमाला कारखान्यातल्या बायकांना बी वाचून दाखवलं. पण शेवटाला येऊन ठेचकाळलो.

सात टक्के! आन् वर, तुमच्यासारख्यांना तेवढं पुरतं! चिंतामणराव, आमच्यासारखं म्हंजे कसलं ओ? मी लेकीचा बाप हाय, माझी बाजू पडती, ह्ये मला ठावं हाय. पण सोयऱ्याचा मान सातात बसतो व्हय? बनुबाईला सांगितलं तर तिनं नुसतं पदर तोंडाला लावला. ती हसत हुती का रडत हुती ते मी बघितलं न्हाई.

जास्त बोलत न्हाई. माणसानं तोंडानं मागायची ही गोष्ट न्हवं. सातावर आमी समाधानी न्हाई. चौदा करा.

मानसिंग बर्गे

*

सांगली,
२५ जानेवारी २०२५

प्रिय व्याहीबुवा,

चौदा! मी पत्र दोनदा वाचलं आणि मग चारुशीलाला मोठ्यांदा वाचून दाखवलं. अहो, गिऱ्हाईक "सातावर समाधानी नाही" म्हणतंय, हे मी आजवर ऐकलं नव्हतं! चौदा मागणारा माणूस म्हणजे ज्याने मीटर लावून तिसरी लहर, म्हणजे विजेच्या पोटातला तिसरा सूर, मोजून पाहिली आहे. पाचवीला सात, तिसरीला चौदा, एवढं कळायला माझ्याकडच्या पोरांना वर्ष लागतं. तुम्ही आठवड्यात इथवर आलात. फौजेची शिस्त ती फौजेची शिस्त! सोयऱ्याचा मान सातात बसत नाही, हा विनोदही फार आवडला.

खरं सांगू? माझ्या घरात सात का चौदा असा प्रश्न मला कधी कोणी विचारला नाही. वरदने संगणकाचं शिक्षण घेतलं. चोक म्हटलं की तो मोबाइल काढतो. तुमच्या रूपाने बोलायला कोणीतरी मिळालं.

नवं दरपत्रक जोडलं आहे. चौदाला तांबं जास्त आणि आकार मोठा, त्यामुळे भाव चढतो, ते तुम्हाला मी काय सांगावं. मीटरचा अहवाल सवडीने पाठवा, नुसता पाहायला. आणि कपॅसिटर बदलायचे आहेत, ते ध्यानात असू द्या.

आपला स्नेहांकित,
चिंतामण

*

सातारा,
३१ जानेवारी २०२५

श्री. घैसास,

दुसरं दरपत्रक पावलं. चौदा मागितलं तर तुमी भाव चढवून धाडलात आन् वर विनोद आवडला म्हणता. मी सव्वीस वर्षं फौजेत काढली. माझ्या तोंडावर माझी चेष्टा कुणी केली न्हवती. ती तुमी लिवून केलीत, म्हंजे विचार करून केलीत.

बनुबाई म्हणती, माणसं अशी असतील तर मेच्या तारखेचा फेरविचार करा, अजून हळद लागल्याली न्हाई. मी बी त्याच मताला आलोय. प्रांजलला अजून बोललो न्हाई. तिच्यासमोर वरदचं नाव निघालं तरी ती हसायला लागती, तवा जीभ उचलत न्हाई माझी. पण ल्येक उद्या नांदायला जाणार ती ह्या घरात, ह्येचा घोर लागलाय.

रिॲक्टर घेतो म्हणलो हुतो, ते घेणार. बर्ग्याचा शब्द हाय. चौदावालाच धाडा, भाव तुमचा तुमाला लखलाभ. कपॅसिटर मात्र बदलणार न्हाई. जुनं ठणठणीत हायती. ते बी नवीन घ्यायला लावायचा डाव आमाला कळतो.

सुभेदार मानसिंग बर्गे (निवृत्त)

*

सांगली,
५ फेब्रुवारी २०२५

श्री. बर्गे,

माल आज टेंपोने रवाना केला. कपॅसिटर न बदलल्यास ते फुटतील आणि त्याची जबाबदारी आमची राहणार नाही.

बाकी मी काय चेष्टा केली, ते मला खरोखर कळलेलं नाही. दोन दिवस विचार करतो आहे. तारखेबद्दल मीही वरदला काही सांगितलेलं नाही, सांगायला धीर होत नाही. चारुशीलाने शालू बघून ठेवला होता, तो तिने दुकानदाराला थांबवून ठेवायला सांगितला आहे.

चिंतामण घैसास

*

सातारा,
१७ फेब्रुवारी २०२५

व्याही,

तुमी परत गेल्यापासनं बनुबाई एकटीच हसती. भाजी चिरताना हसती, जपमाळ वढताना बी हसती. परवाचं सगळं तुमच्या डोळ्यासमोर झालं, तरी मी लिवतोय. माझ्या हातनं लिवलं म्हंजे माझी जिरली असं होईल.

तुमचा रिॲक्टर बसवला आन् जुन्या कपॅसिटरवर लाईट सोडली. सकाळचा चहा चालू हुता. कपॅसिटर असा उडाला की गेटवरचं तिन्ही वॉचमन, तिन्ही माझ्याच पलटणीचं, जमिनीवर पालथं पडलं. त्यातला एक तर "पोझिशन!" म्हणून वरडला. मग दुसरा उडाला, मग तिसरा. थंड खोली बंद. आत पाचगणीचा पंधरवड्याचा माल. प्रांजल माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "आबा, कपॅसिटर बदलले होते ना?" मला वाटलं, जमीन फाटावी आन् मी आत जावं.

तिनं मग हुकूम मोडून तुमालाच फोन लावला. आन् तुमी दुपारच्या आत दारात! डिकीत नवीन कपॅसिटर, मागल्या सीटवर वैनी, आन् वैनींच्या मांडीवर मीटर. मी तुमाला लिवलं काय हुतं आन् तुमी आलात कसं! चिंतामणराव, त्या वक्ताला मला तुमच्याकडं बघायची लाज वाटली.

मग खोली गार झाल्यावर आपण चौघं चहाला बसलो, प्रांजल आत माल बघत हुती, तवा बनुबाईनंच तोंड फोडलं. "आवं दादा, चौदा टक्के सूट द्या म्हणलं तर भाव वाढवला, ह्ये कसलं सांगलीचं गणित?" तुमी आधी माझ्याकडं बघितलं, मग दरपत्रकाकडं, आन् मग चहा तुमच्या नाकात गेला. वैनींनी पाठीत गुद्दे घातले म्हणून वाचलात.

मला काय ठावं ओ, रिॲक्टरला बी टक्के असत्यात? बनुबाई म्हणाली हुती, चौदा मागा म्हंजे दहावर तरी येतील. सूट मिळावी म्हणून सोयरीक मोडायला निघालो हुतो मी! प्रांजलला ह्यातलं काय सांगू नका, हात जोडतो.

मानसिंग

*

सांगली,
२२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मानसिंगराव,

प्रांजलला काही सांगणार नाही. पण चारुशीलाचं मी सांगू शकत नाही. तिचं आतापर्यंत निम्म्या सांगलीला सांगून झालं आहे.

तुम्ही स्वतःला फार बोल लावू नका. तुम्हाला ठाऊक नव्हतं, मला तर ठाऊक होतं! रिॲक्टर कपॅसिटरच्या मानाने किती अडवतो, त्याचा तो आकडा. दरपत्रकात एक ओळ लिहिली असती तर भागलं असतं. बरं, मीटर लावल्याशिवाय चोक निवडू नये, हे मी पोरांना रोज ओरडून सांगतो. आणि तुम्ही चौदा म्हणालात तर मी मीटर न बघता तांबं गुंडाळायला बसलो. का, तर माझ्या विषयात रस असलेला माणूस भेटला, या आनंदात! त्या दिवशी तुमच्याकडे मीटर लावला तेव्हा काय निघालं, ते पाहिलंत ना? पाचवी लहर. म्हणजे सातच बरोबर होता. चौदावाला चालेल, नुकसान काही नाही, पण हत्तीच्या आकाराचा चोक तुमच्या पॅनेलमध्ये उगाच बसून आहे. मी बदलून देतो म्हटलं तर तुम्ही नको म्हणालात. "राहू द्या, येता-जाता दिसला की अक्कल जागेवर राहील," हे तुमचं वाक्य मी कारखान्यात फळ्यावर लिहिलं आहे.

लग्नात पंगतच बसवा. मी बुफेवर वाद घालणार नाही. त्या शालूची उचल झाली आहे. वरद म्हणतो, लग्नानंतर थोडे दिवस साताऱ्यात राहू. मला बरं वाटलं. मला यायला निमित्त झालं.

तुमचा,
चिंतामण

*

सातारा,
१० मार्च २०२५

चिंतामणराव,

सोबत स्ट्रॉबेरीच्या दोन पेट्या धाडल्यात. एक वैनींना, एक फळ्यावर वाक्य लिवणाऱ्याला. पॅनेल गप हाय. वीज कंपनीचं पत्र बी पुन्यांदा आलं न्हाई.

प्रांजल बी तेच म्हणती, थोडे दिवस सातारा. दोघांचं एक झालं, लय बरं वाटलं. आपल्यासारखं घोळ घालणारी ही पिढी न्हाई, चिंतामणराव. सारखी फोनवर असत्यात, एकमेकांचं एकमेकाला सगळं ठावं.

मी पंगतीचं बघतो. तुमी निवांत ऱ्हावा.

मानसिंग

*

सांगली,
११ एप्रिल २०२५

मायन्याची जागा कोरी सोडली आहे, ती चुकून नव्हे. व्याहीबुवा लिहायला हात गेला आणि तिथेच थांबला.

तुम्हाला प्रांजलकडून कळलंच असेल. वरद शनिवारी पुण्याहून आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "बाबा, आमचं कॅन्सल झालं." गाडीचं तिकीट असावं तसं! मी विचारलं, भेटून बोललात का? नाही. फोनवर? नाही. मेसेजमध्ये झालं म्हणे, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत. त्याचे थोडे दिवस म्हणजे सहा महिने होते, मग पुणे. प्रांजलचे थोडे दिवस म्हणजे कारखाना तिच्या हाताखाली धड उभा राहीपर्यंत, दहा वर्षं तरी. वर्षभर दोघं "थोडे दिवस, थोडे दिवस" म्हणत एकमेकांवर खूश होती. तुम्ही आणि मी निदान आकडा लिहून भांडलो हो. यांनी आकडाच कधी लिहिला नाही. मी म्हटलं, अजून बसा, बोला, तर दोघंही अगदी शांत आहेत. राग नाही, रडणं नाही. निर्णय झाला आहे म्हणतात. आपल्याला लिहून विचार करायला लावणारी हीच ती दोघं!

कोणावर रागवावं तेच समजत नाही. वाईट मात्र फार वाटतं.  काल चारुशीला शालूची घडी घालताना म्हणाली, "आता साताऱ्याची पत्रं बंद होणार, नाही का?" मी हा कागद घेऊन बसलो.

कामापुरतं लिहितो. रिॲक्टरची हमी पाच वर्षांची आहे. ती सोयरिकीवर अवलंबून नाही. तापला तर कळवा.

चिंतामण

*

सातारा,
१६ एप्रिल २०२५

गड्या चिंतामण,

तुझी कोरी जागा घेऊन दोन दिवस बसलो हुतो. श्री. लिवलं, खोडलं. घैसाससाहेब लिवलं, ते बी खोडलं. बनुबाई म्हणाली, एवढा कागद नासताय, त्यापेक्षा मनात हाय ते लिवा. मग ह्ये लिवलं. व्याही झालो असतो तर जल्मभर आवं-जावं करत बसावं लागलं असतं. ती एक कटकट गेली.

मला बी लय वाईट वाटलं रं. प्रांजल शांत हाय म्हणतोस, ती तुमच्यासमोर. इथं थंड खोलीत जाऊन रडून आली आन् मला म्हणाली, थंडीनं डोळ्यातनं पाणी येतंय. मी म्हणलं, व्हय. वरदला फोन लावू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, आबा, तुम्ही दोघांनी यात पडू नका. न्हाई पडत, म्हणलं. पण चिंतामणचं आन् माझं काय ते आमी बघू, त्यात तुमी पडू नका. तवा जरा हसली.

तुझं ते पयलं पत्र काढून पुन्यांदा वाचलं. मध्ये जरा अडवणारं असलं की दोघं टिकतात, असं तू लिवलं हुतंस. आपल्या दोघांच्या मध्ये पोस्टमन हुता, चार दिवस हुतं. त्या पोरांच्या मध्ये काय हुतं? बोट टेकलं की पोचलं. तुला ह्ये मी शिकवायला नगं, धंदाच तुझा हाय.

आता कामाचं. तापला तर कळवा, असं लिवलंयस. तुझा हत्ती तापतच न्हाई, मग मी लिवायचं कवा? तवा न तापल्याचं बी कळवत जाईन म्हणतो. वैनींना सांग, पत्रं बंद होत न्हाईत. आन् हंगाम सुरू झाला की त्यांना घिऊन ये. मीटर आण, न्हाईतर तसाच ये.

दरपत्रकाच्या खाली हमी पाच वर्षं म्हणून लिवलंय. पाचावर आमी समाधानी न्हाई.

चौदा कर.

तुझा,
मानसिंग